कॅबिनेटचा पत्रा

दसरा, २००५. संध्याकाळ.

वर्षभर जुने पार्ट कल्याणहून इथं गावी शेणव्याला, एसटीत मांडीवर ठेवून आणून गेमसाठी कॉम्प्युटर जोडला. सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात गेला, जादा पंखा घ्यायचा राहिला. आत तापू नये म्हणून मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढूनच ठेवला होता. बाबांना वाटलं, विळा आपलं हत्यार तसं हे पोराचं. म्हणून विळ्या-कुदळीबरोबर त्याचीही पूजा. चालू मशीनवर, त्या उघड्या बाजूनं, आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. चट्‌ आवाज, करपल्याचा वास, स्क्रीन काळी.

आणि मी पूजेतला विळा उचलला. बाबांवर. मारणार होतो का? हो, मारणारच होतो. आईनं मनगट धरलं नसतं तर...

बाबा हललेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "विळ्यावर दरसालला पानी शिंपतो रे. त्याला कवा काय झाला नाय."

पत्रा मीच काढला होता. मघाशी तो बसवला, स्क्रू आवळले. आता आत वाचवायचंय काय?

उद्या भातकापणी. आईनं विळा लपवला होता. बाबांनी तो शोधला आणि आत्ताच माझ्या टेबलावर ठेवून गेले. मूठ माझ्या बाजूला.