एक फूट काजळी

आई, पितळी ताटलीवरून तू चमचा फिरवायचीस त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. खर्र, खर्र, मग जरा थांबून पुन्हा खर्र. दोन विटांवर उपडी ठेवलेली ताटली, खाली एरंडेलाची पणती, आणि ताटलीच्या पोटाला धरलेली मऊ, काळीभोर काजळी. गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरचं काजळ तूच धरायचीस. मी शेजारी बसून शाळेच्या पुस्तकातली कविता मोठ्यानं म्हणायचो, मध्येच अडायचो, आणि तू वर न बघता विचारायचीस, "पुढलं कडवं कुठं गेलं रं? उंदरानं खाल्लं व्हय?"

त्या कविता चाळिशीपर्यंत सुटल्या नाहीत आणि नोकरी काही पक्की होईना. नव्वदनंतरची ती वर्षं. नगरच्या एमआयडीसीतल्या रबराच्या कारखान्यात मी मिश्रणं करायचो, हंगामी म्हणून. तिथं नक्की काय करतोस, असं तू एकदा भाकरी थापताना विचारलंस. मी सांगितलं, रडार सूक्ष्मलहरी सोडतं, त्या लष्करी गाडीच्या लोखंडावर आपटून परत येतात, म्हणून गाडी कुठं आहे ते कळतं. आम्ही रबरात कार्बनची भुकटी कालवून अशी शीट करतो की आलेली लहर आतच जिरावी, माघारी जाऊ नये. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "म्हंजी काळं लावायचं, नजर लागू न्हाई म्हनून." मी हसलो. पण आमचं काम इतक्या सोप्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझं ते वाक्य डोक्यात घोळत होतं म्हणूनच पुढचं सगळं झालं. पावसाळ्यात कार्बनचं पिंप ओलं झालं, नवं यायला वेळ होता, आणि चाचणी दुसऱ्या दिवशी. मी तुझ्या काजळीची डबी खिशातून नेली. तेल न घातलेली, कोरडी. चाचणीला नखाएवढाच तुकडा लागायचा. आधी नोंदवहीत सवयीनं नेहमीचा कार्बन लिहिला आणि मग रबरात तुझी काजळी कालवली. तुकडा धातूच्या चौकोनी नळीत बसवला, लहर सोडली, आणि माघारी येणारी लहर दाखवणारा काटा जवळजवळ तळाला गेला. चाचणी बघायला लष्कराकडून आलेले पाहुणे उठून उभे राहिले. साहेब म्हणाले, "कविराज, काय घातलंत यात?" मी म्हणालो, "नेहमीचाच कार्बन, साहेब." घरच्या पणतीची काजळी म्हणालो असतो तर पाहुण्यांसमोर हसं झालं असतं. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "याच मालाची एक फूट शीट महिन्यात द्या. तुमच्या नोकरीचा कागद मी स्वतः टाइप करून घेतो."

एक फूट शीट म्हणजे किती काजळी, हे मला कळत होतं, तुला नव्हतं. तू फक्त विचारलंस, "नोकरी पक्की हुईल ना?" आणि पदर खोचलास. स्वयंपाकघरात ओळीनं पणत्या मांडल्या आहेत. दार लावलेलं, खिडकीला मी स्वतः गोणपाट ठोकलंय, कारण वाऱ्यानं ज्योत हलली की काजळी जाडीभरडी पडते. मी कामावर जातो, दुपारी जेवायला येतो, तेव्हा तुझ्या नाकपुड्या काळ्या झालेल्या असतात. तू हसतेस. "बघ माझं तोंड. आता मीच रडारला दिसायची न्हाई." मग पदरात खोकतेस. एकदा तू म्हणालीस, "जीव कोंडतोय रं. जरा खिडकी उघडू का?" मी म्हणालो, "दोनच दिवस, आई." ते दोन दिवस महिनाभर चालले. मी रोज तेच म्हणत होतो आणि तू रोज ते नव्यानं ऐकल्यासारखं मान हलवत होतीस.

शीट पास झाली, कागद मिळाला, तू देवापुढं पेढे ठेवलेस. पुढं ती मागणीच रद्द झाली आणि शीट स्टोअरमध्ये पडून राहिली. तुझा खोकला मात्र गेला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "चुलीवर स्वयंपाक करायच्या का?" घरी गॅस येऊन कैक वर्षं झाली होती. तरी मी म्हणालो, "हो, गावाकडं, काष्टीला." तू खाटेवरून माझ्याकडं बघितलंस, बराच वेळ, आणि डॉक्टरांना म्हणालीस, "व्हय, चुलीचाच धूर." आई, तू मला सोडवलंस असं तुला वाटलं असेल. मी तेव्हापासून त्या बंद स्वयंपाकघरातच आहे. पेन्शनीत निघालो, घर बदललं, नव्या घराला खिडक्याच खिडक्या केल्या, तरी बाहेर पडता आलं नाही.

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. आमच्याकडं या वेळी कुणी येत नाही. दारात नातीच्या वयाची एक मुलगी, हातात हेल्मेट. कारखान्यातून आली होती. "काका, स्टोअरमध्ये एक जुनी शीट सापडली, मागच्या चिठ्ठीवर तुमची सही आहे. हल्ली आम्ही ग्राफीन नावाचा नवा कार्बन मिसळतो, तर म्हटलं सहज ही पण लावून बघू. अजून लहर जिरवतेय की ती! पण नोंदवहीतल्या कार्बननं असा आकडा येतच नाही. खरं सांगा, काय होतं यात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पणतीची काजळी. माझ्या आईनं धरलेली."

ती हसली नाही. वही उघडून म्हणाली, "मग नोंद दुरुस्त करते ना. आजींचं नाव काय लिहू?"

तुझं नाव मी शेवटचं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, आणि त्याच्याखालीच चुलीच्या धुराचं. नाव सांगितलं की ही पोरगी सहज विचारील, आजी कशानं गेल्या? ती बाहेर पाणी पितेय. चष्मा आणतो म्हणून मी आत आलो आणि हे लिहितोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.