लॉर्ना काय विचार करते

मंगळवार, ७ जानेवारी
डलुथच्या लायब्ररीतल्या लेखनवर्गात माझं पहिलं प्रकरण वाचलं. नियम असा, की ज्याचं लेखन चर्चेला, त्याने अवाक्षर काढायचं नाही. चाळीस मिनिटं जीभ चावून बसलो. शिकवणाऱ्या हॅस्केलबाई म्हणाल्या, ‘नायक दार लावून बसलाय, मग स्वयंपाकघरात बायको कौतुकाने हसली हे त्याला दिसलं कसं?’ अहो, बायको त्याचीच ना? दिसायला कशाला पाहिजे!

बुधवार, १५ जानेवारी
संकल्प: रोज दोन पानं, तीही बायकोच्या नजरेतून. सोपं आहे. बत्तीस वर्षांचा संसार झालाय.
लॉर्ना मध्येच सुरू झाली. टूसॉनला बहिणीकडे राहायला जाऊ, इथला बर्फ उपसून तिचे गुडघे गेलेत, ‘तू येतोस की मी एकटी जाऊ?’ वगैरे. लिहिताना डिस्टर्ब करू नकोस म्हटलं.

रविवार, १९ जानेवारी
पानं: अर्धं. ‘ती नवऱ्याकडे बघतच राहिली.’ बघून तिच्या मनात काय येतं? लॉर्नाला विचारणार होतो, पण तिला साहित्यातलं काय कळतंय.

मंगळवार, २१ जानेवारी
वर्गाचं मत: या बायकोच्या डोक्यात नवऱ्याशिवाय काहीच नाही. मग आणखी काय असणार? जळतात लेकाचे.
लॉर्नानेही वर्गात नाव घातलं. माझ्यामुळे गोडी लागली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
यावेळी सगळं लेखन बिननावाचं. एका नवऱ्याची रोजनिशी वाचली. काय गाढव माणूस! बायको कानीकपाळी ओरडतेय आणि हा आपल्याच कौतुकात दंग. सगळ्यांत जास्त मीच हसलो. वर सूचना केली: असला माणूस जन्मात सुधारणार नाही, शेवटी बायकोने सरळ बॅग भरून निघून जावं. हॅस्केलबाई पहिल्यांदाच म्हणाल्या, ‘वेंडेल, अगदी बरोबर.’
लॉर्ना गप्प बसून सगळं टिपून घेत होती. शिकेल हळूहळू.

गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी ११
लॉर्ना टूसॉनला गेली.
टेबलावर ती रोजनिशी ठेवलीये. आता वर लॉर्नाचं नाव आहे. शेवट पेनने बदललाय, माझ्या सूचनेप्रमाणे. फक्त एक भर तिची स्वतःची: बॅग घेऊन ती जिन्याखाली उभी राहते, नवऱ्याला दोनदा हाक मारते, आणि तो ओ देत नाही.
दोन्ही हाका मी ऐकल्या होत्या. मला वाटलं, कॉफी झाली असेल.