भोरहून आल्प्सला जायाची तयारी

१६ जानेवारी १९३८, भोर
आजपासनं रोजनिशी. मोठी मानसं लिवत्यात, आनि आता आमी मोठं होनार. कुनी वाचू ने.

म्या ज्यांच्या ऑफिसात कामाला हाय, ते आमचं दीनानाथ वकीलसाहेब उन्हाळ्यात आल्प्सला चालल्यात. तिकडं बर्फाचं डोंगर. मुंबईहून बोट, जिनोआ नावाचं बंदर, तितनं आगगाडी. इटली, मंग बोगदा, मंग स्वित्झर्लंड, मंग फ्रान्स. बसल्या जागी तीन राज्यं! मुंबईच्या कंपनीनं रंगीत पुस्तक धाडलंय. पुलावर गाडी आन् खाली अशी दरी, की चित्र बघताना म्या टेबल धरलं.

साहेब म्हनालं, "सामानाला एक भक्कम गडी लागेल बरोबर." तवा खोलीत म्याच हुतो. गेनू बी हुता, पन त्यो म्हशीकडचा गडी, मोजायचा न्हाई. ठरलं म्हंजी.

१७ जानेवारी
संकल्प. मे पतुर खोड्या बंद. काट्या-चमच्यानं खायाचं. थंडीची सवय करायची.

संध्याकाळी गेनूच्या मुंडाशात बेडूक घातला. ही निरोपाची खोडी. धरायची न्हाई.

२५ जानेवारी, पहाटं
नीरेत गळ्यापतुर बसलो. आल्प्सची प्रॅक्टिस. किती येळ ते लिवत न्हाई. ठकुबाई धुनं घिऊन आली. म्हनली, "आरं ज्ञानू, जीव द्यायचा तर म्होरं डोहात जा. हितं बसून कसा मरशील, गुडघाभर पानी हाय." आडानी.

२ फेब्रुवारी
सर्दी. साहेबांनी मला ऑफिसातनं उठवून भाईर ओसरीवर बसवलं. परवासाआदी लई जपत्यात मला.

१४ फेब्रुवारी
काट्यानं पिठलं खाल्लं. अर्ध्या तासात अर्धी भाकरी. भूक ऱ्हायली, पन हात बसतोय.

आगगाडीत अजून बसलो न्हाई. ही काय अडचन न्हाई. भोरला रूळ न्हाईत, पन खंडाळ्याच्या घाटाला साहेबलोक भोरघाट म्हनत्यात. म्हंजी घाटातली गाडी आमच्याच नावावर हाय. नलूताई, साहेबांची मुलगी, मॅट्रिकला हायत. त्या म्हनल्या, "अरे, तो बोरघाट. स्पेलिंग चुकलंय त्यांचं." इंग्रजाचं स्पेलिंग चुकंल व्हय! त्या असंबी म्हनल्या, "बाबांनी तुला विचारलंय का तरी?" शिकलेल्यांस्नी नसता संशय.

२८ फेब्रुवारी
विचारलं! साहेब म्हनालं, "ज्ञानू, येतोस का आल्प्सला? पासपोर्ट काढावा लागेल. वयाचा दाखला आण पंधरा दिवसांत." म्या लगीच व्हय म्हनलं न्हाई. दोन श्वास थांबलो. भाव ठेवाय लागतो.

आता दाखला. आईचं माहेर येल्ह्याच्या डोंगरात. जन्म तितला, कुनी लिवलाच न्हाई. मंग शाळेचा आनाय पायजे. तितं एक बारकी भानगड हाय. दोन मिन्टाचं काम.

१ मार्च
भानगड लिवून ठिवतो. रोजनिशीला काय चोरायचं.

आमचं घर भोंगवलीला. शाळा नसरापूरजवळच्या एका वाडीत, आमी चार पोरं तितंच खोली घिऊन ऱ्हायचो. चौथीत चिमाजी मास्तरांची छडी लई. म्हनून म्या आबांच्या, म्हंजी वडलांच्या, नावानं मास्तरांस्नी एक कार्ड धाडलं. मयताच्या कार्डावर श्री नसतो, म्हनून वर श्री घातला न्हाई. "चि. ज्ञानू पटकीनं वारला. आनंदराव." पटकी अशासाठी, की भेटाय कुनी येत न्हाई. डोकं बगा! शाळेला सुट्टी मिळाली, म्हनून पोरं गप बसली. आबांस्नी सांगितलं, पास झालो, शाळा सपली.

सात वर्सं झाली त्याला. मास्तर पोट धरून हसतील.

५ मार्च
मास्तर हसलं न्हाईत.

दारात गेलो, पाया पडलो. ते माझ्या पावलांकडं बघत ऱ्हायलं. शेवटी म्याच म्हनलं, "मास्तर, सरळ हायत. उलटी न्हाईत." मंग सगळं सांगितलं.

त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. माझ्या नावावर तांबडी रेघ, म्होरं लिवलेलं, 'मयत'. म्या म्हनलं, ते कार्ड काढा, अक्षर माझं हाय, ताडून बगा. मास्तर म्हनलं, "तसलं कार्ड कोन घरात ठेवतं? वाचलं, फाडलं, अंघोळ केली." झालं. पुरावा ग्येला.

मंग म्हनलं, "त्याच महिन्यात माझा सदा पटकीनं गेला. रोज मनाला सांगायचो, आनंदराव सोसतोय, मला बी सोसाय पायजे." म्या म्हनलं, "वाईट झालं." मास्तर मुळातच हळवं.

जाताना म्हनलं, "तुझ्या बापाला आन. त्यानं माझ्या तोंडावर म्हनायचं, पोरगं जित्तं हाय. तवाच रेघ खोडीन."

आबांस्नी न्यायाची गरज पडनार न्हाई. मास्तर चार दिसांत निवतील.

१५ मार्च
साहेबांनी दाखला मागितला. म्हनलं, मास्तर गावाला गेल्यात.

२३ मार्च
म्हनलं, मास्तर आजारी हायत.

१ एप्रिल
म्हनलं, रजिस्टर वाळवीनं खाल्लं. साहेब म्हनालं, "दहा तारखेपर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरा माणूस." मस्करीत म्हनालं. तारीखच तसली हाय.

नलूताईंस्नी खरं सांगितलं. वाटलं हसतील. त्या उठून आत गेल्या. त्यांस्नी अभ्यास आसंल.

५ एप्रिल, भोंगवली
आबांस्नी म्हनलं, शाळेत माझा सत्कार हाय, आल्प्सला चाललोय म्हनून. वडलांस्नी बलावलंय. खरं तितं गेल्यावर सांगू, वाटंत कशाला.

आबांनी लग्नाकार्याचं पागोटं काढलं. आईनं मास्तरांसाठी गुळाची ढेप बांधली. म्हनली, "त्यांनीच मानूस केला माझ्या ल्येकाला." आबांनी आख्ख्या आळीला सांगितलं.

७ एप्रिल
मास्तरांकडं पोचल्या पोचल्या आबा इचारत हुतं, "हार कुठं हायती?"

मास्तरांनी त्यांस्नी घोंगडीवर बसवलं, पानी दिलं, आनि म्या तोंड उघडायच्या आदी समदं सांगितलं. आबांस्नी वाचाय येत न्हाई. रजिस्टरातल्या रेघंवर बोट ठिवून म्हनलं, "ह्ये काय लिवलंय?"

"मयत."

"कुनी कळवलं?"

"तुमच्या नावानं आलं हुतं."

आबांनी रेघंवरचं बोट काढलं. मंग म्हनलं, "मास्तर, तुमचं पोरगं गेलं तवा म्या आलो न्हाई. मला ठावं नव्हतं वो."

"तुमी तरी कसं येनार? तुमचंबी गेलेलंच की, माझ्या लेखी."

मास्तरांनीच दौत म्होरं वढली. म्हनलं, "आनंदराव, एकदा म्हना. पोरगं जित्तं हाय. खोडून टाकतो."

आबा उठलं. पागोटं नीट केलं. म्हनलं, "माझ्या नावानं लिवलंय न्हवं? मंग ऱ्हाऊ द्या तसंच."

गुळाची ढेप मास्तरांच्या पायाशी ठिवली आनि निघालं. म्या भोंगवलीपतुर मागं मागं चाललो. एकदाबी वळून बघितलं न्हाई त्यांनी. दमलं आसतील.

१० एप्रिल, भोर
इचार करून म्याच नकार दिला. साहेबांस्नी म्हनलं, बर्फ मला मानवनार न्हाई, फेब्रुवारीतली सर्दी बघितली न्हवं तुमी. साहेब म्हनालं, "बरं." लगीच म्हनालं. एक श्वासबी थांबलं न्हाईत.

गेनू दोन इयत्ता शिकलाय म्हनं. त्याचा दाखला एका दिसात आला.

२४ एप्रिल
भोंगवलीला जाऊन आलो. आईनं भाकरी वाढली. आबा रानात हुतं. राती रानातच झोपलं.

५ मे, मोटारस्टँड
ट्रंका म्याच टपावर चढवल्या. नीट रचाय दुसऱ्या कुनाला येत न्हाई. गेनू साहेबांच्या जुन्या कोटात. बाह्या लांब. म्या त्याला बाजूला घिऊन समजावलं. बोगदा सपला की लगीच खिडकीशी जायाचं. पुलावर आलं की खाली बघायचं, घाबरायचं न्हाई. वळनावर मान भाईर काढली की आपल्याच गाडीचं इंजन दिसतं. आनि समदं ध्यानात ठिवायचं, आल्यावर मला सांगायचं.

गेनूनं ऐकून घेतलं. म्हनला, "ज्ञानू, मला गाडी लागती रं. म्या डोळं झाकून बसनार हाय."

"कुठवर?"

"जाऊन ईस्तवर."

मोटार सुरू झाली. चौकातनं वळायच्या आदीच त्यानं डोळं गच्च मिटलं. तसाच हात हलवला मला. भलत्याच बाजूला.