डबल पॉलिशचा भात

१८ जून १९८४, सोमवार
आणि म्हणे दोष माह्या भाताचा! वीस वर्सं रांधून राह्यली मी, अन् ही कालची नर्सबाई मले शिकवते. कमळीच्या बाबाच्या पायाले मुंग्या येते, चप्पल निसटली तं समजत नाई. मी म्हणली, विहिरीचं पाणी बाधलं. ती म्हणे, "मीराबाई, तांदूळ डबल पॉलिश करता, सात पाण्यानं धुता, वरून मांड गाळून कोंड्यासंगं म्हशीले घालता. बी वन जीवनसत्त्व सगळं तिच्या पोटात जाते." कोंडा राहू द्या म्हणे, डाळ द्या, शेंगदाणे द्या. पिवळ्या गोळ्या देल्ल्या, रोज एक.
ठीक आहे. उद्यापासून सगळं तिच्या मतानं.

२१ जून
दोन दिवस कोंड्याचा लाल भात केला. आज शेजारची रुखमा आली, झाकण उघडून म्हणे, "काऊन वो, गिरणी बंद पडली का?" गावभर सांगन ते. सायंकाळी पांढराच रांधला. फक्त आजच्यापुरता.
गोळ्या धानाच्या रोवणीसाठी राखून ठेवल्या. आता खाल्ल्या तं ताकद आताच संपन.

२७ जून
पांढराच चालू आहे. पण चूक सापडली! धुण्यात कसर होती. आता नऊ पाणी.
म्हशीनं खुटा उपटला. चौघानं धरली. अंगावर माशी घसरते तिच्या.

२ जुलै
कमळीचे बाबा बांधावर पडले. धानाची रोपं, पऱ्हे, रोवायले आले अन् मानूस चिखलात बसून. उचलून आणलं. जेवताना हळूच म्हणे, "माहं ताट म्हशीच्या गव्हाणीतच मांड न वो." मले राग आला. मंग ताट घासताना तेच डोक्यात घुमून राह्यलं.

६ जुलै, शुक्रवार
सकाळी उठवलं तं पाय उचलतच नाई. नर्सबाईले बोलावलं. गोळ्या कुठे म्हणे. डबा दाखवला, भरलेला. ती ओरडन वाटलं, पण ओरडली नाई. म्हशीकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, इंजेक्शन देल्लं. ओरडली असती तं बरं झालं असतं.
आज लाल भात. मांड गाळला नाई. म्हैस गव्हाणीपाशी हंबरून राह्यली, हंबरू दे. रुखमा आली तं मीच झाकण उघडून दाखवलं.
नर्सबाईले दारात अडवून सांगतलं, "बाई, बुधवारी रोवणी हाय. मंगळवारपर्यंत सांगा, त्याहिच्या पायात जोर येते का नाई. गोल गोल बोलू नका. हो, का नाई, तेवढंच सांगा."