मुठीखालचे आकडे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आलो एकदाचा अमरावतीत! राजापेठेत खुशालरावांचं बंदुकांचं दुकान, त्यावरच माझी खोली. समोर ट्यूशन क्लास, त्यामुळे दिवसभर पोरांच्या गाड्यांचा कल्ला. मायाने निघताना ही वही दिली आणि बजावलं, बायकोनं वाचावी अशी शुद्ध भाषा लिही, आपलं वऱ्हाडी चालवू नको. बरं बाई. दुकानात जम बसला की तीही अकोल्याहून येणार, तोवर भाड्याची चांगली खोली शोधायची.

काम माझ्या आवडीचं. बापाचं रिव्हॉल्वर पोराच्या नावावर करायचं तर ते कोणत्या सालातलं, भाग मूळचे की बदललेले, हे लिहून द्यावं लागतं. सांगाड्यावरचा, नळीवरचा आणि गोळ्या भरायच्या चकरीवरचा नंबर जुळवायचा, कारखान्याचे शिक्के पाहायचे. दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू वर्षानुवर्षं त्या आकड्यांत जाऊन बसतं. रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेतला की सगळं मोकळं होतं. माणूस खोटं बोलेल, नंबर बोलत नाही, असं मी खुशालरावांना ऐकवलं. लई शहाणा आहेस बापा, चहा पी, म्हणाले.

५ नोव्हेंबर, बुधवार
मोर्शीच्या वच्छलाबाई आल्या होत्या. नवरा भगवंतराव वारले. त्यांचं विलायती रिव्हॉल्वर दुरुस्तीला आलं होतं ते इथेच कपाटात पडून आहे. विकून टाका, ते मले घरात नोको, म्हणाल्या, आणि त्याच्याकडे न बघताच गेल्या.

तिन्ही नंबर जुळले. पहिल्या महायुद्धाच्या काळातला माल, एक भागही बदललेला नाही. मी खूश. मग लाकडी मूठ उघडली. आमच्या धंद्यात जो कारागीर मूठ उघडतो, तो आतल्या लोखंडावर सुईनं आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरून ठेवतो. तिथे आधीची तीन अक्षरं होती. शेवटचं ‘दे’, म्हणजे माझ्या जागी आधी असलेला देवमन. पण प्रत्येक अक्षराशेजारी सहा आकडे होते, आणि ते सुईचे नव्हते. कारखान्यात ठोकलेल्या नंबराचंच वळण, तेवढीच खोली. ‘दे’पुढे २१०२२५. ना कारखान्याचा नंबर, ना फौजेचा. मला ओळखता येईना म्हणून रागच आला. शेवटी रीतीप्रमाणे खाली माझा ‘ध’ कोरला आणि मूठ बसवली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
फोटो काढायला मूठ पुन्हा उघडली. माझ्या ‘ध’पुढे १ ठोकलेला आहे.

कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला असते. खुशालराव थट्टा करतात म्हणावं, तर त्यांच्याकडे लोखंडावर आकडे ठोकायचा असला पंचच नाही. मी त्यांच्यावर भडकलो. ते हसले नाहीत, ह्याचंच जास्त वाईट वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी जेवत होतो. कपाटातून आवाज आला, टक्. लोखंडावर हातोडीचा एकच ठोका.
१४ झाले.

१० नोव्हेंबर, सोमवार
आज खुशालरावांना धरलंच. देवमनचं काय झालं ते सांगा म्हटलं. काम सोडून गावी गेला, एवढंच ते म्हणत राहिले. ‘दे’पुढचे आकडे तारखेसारखे वाचून मी विचारलं, एकवीस फेब्रुवारीला काय झालं? त्यांचा चेहरा उतरला. तुले कोनं सांगतलं, म्हणाले.

मग खरं सांगितलं. देवमन त्या दिवशी आपल्या घरी, बाजेवर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. रिव्हॉल्वर इथे होतं, कपाटात, कुलपात, रिकामं. खुशालरावांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं तर घोडा मागे चढलेला होता, गोळी झाडण्याआधी चढवतात तसा.

म्हणजे ती तारीखच आहे. दिवस, महिना, साल.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कानस घेऊन ‘ध’ घासून काढला. आकडेही घासले. हात भरून आले. फुंकर मारली, तर सगळं तिथंच, आधीपेक्षा खोल.
आणि पुढे अजून एक. १४१.

चौदा तारीख. महिना ऑक्टोबर, नोव्हेंबर किंवा डिसेंबर. साल तर अजून ठोकलंच नाही. वीस वर्षांनंतरचंही असू शकतं. असू शकतं ना.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी पाहिलं. १४११.
किल्ली खुशालरावांच्या हातात देऊन अकोल्याची बस धरली. माया म्हणते, असा मधीच काहून आला, तोंड का उतरलं? सांगितलं नाही. कसं सांगू. ती भाड्याच्या खोलीचं विचारत होती, मोठी खिडकी पाहिजे म्हणते. मी हो म्हणालो. मले मराचं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपार झाली. काही नाही. माया भाकरी करून राहिली.

खुशालरावले फोन लावला. पाया पडतो, मूठ उघडून पाहा म्हटलं. उघडली. पाचवा आकडा आला म्हणतात, २. सहाव्याची जागा कोरी आहे. नीट पाहा म्हटलं. कोरीच आहे म्हणतात, रडू नोको बापा.

कोरी. आजचा दिवस गेला की सुटलो. मंग सव्वीस होऊ दे, एकोणतीस होऊ दे, लिहून ठेवतो, मायाले सगळं सांगतो, खिडकीवाली खोली—

टक्.
इथं. आमच्या घरात. माया चुलीपासून विचारते, काय वाजलं?

फोनवर खुशालराव पुन्हा मूठ पाहून राहिले. कोणता आकडा, म्हटलं. पाच म्हणतात.

टेबलावर ठेवलं आहे म्हणतात, हात बी लावला नाही, आपोआप घोडा मागं जाऊन रा—

माया, इकडं ये, जवळ