अर्थांच्या वहीचा वारस

शुक्रवार, १४ फेब्रुवारी १९४१.

सात महिने या डायरीत एक ओळ लिहिली नाही, याबद्दल तिची क्षमा मागतो. पहिले दोन महिने विषमज्वर होता. पुढचे पाच निव्वळ आळस. तापात एवढे कळले, की मी गेलो तर माझे सामान कुणाचे हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आज निजामी शाळेच्या शुक्रवारच्या सुटीच्या दिवशी मृत्युपत्र इथेच लिहितो.

मी, तातेराव किशनराव सावळे, बी. ए., इंग्रजीचा शिक्षक, वय चव्वेचाळीस, हे लिहिताना पूर्ण शुद्धीवर आहे. कुणाचा धाक नाही, कुणाची भीड नाही, आणि सकाळचा चहा सोडला तर कसली नशाही केलेली नाही.

कलम १. दोन खोल्यांचे घर, ओसरी व आडासह, माझी धाकटी बहीण शकुबाई हिला. मी लग्न केले नाही. नवरा गेल्यापासून, म्हणजे सोळा वर्षे, हे घर तीच चालवते. तेव्हा हे देणे उपकार नव्हे, असे नमूद करतो.

कलम २. डोंगरकडा गावच्या शेतातला माझा वाटा पुतण्या व्यंकटराव याला. तो शेत कसतो, मी फक्त हुरड्याला जातो.

कलम ३. काळा लोकरी कोट सोनाजी शिंप्याला, कारण शिवला त्यानेच. डावी बाही दोन बोटे आखूड आहे. १९३४ पासून मी तो हात खिशात घालून फिरतो आहे. आता त्याने फिरावे.

कलम ४. माझी अर्थांची वही. इंग्रजीतला रोजचा शब्दही एका अर्थावर थांबत नाही. कोट अंगात घालतात, आणि भिंतीला रंगाचा हात देतात तोही कोट. सूट शिंपी शिवतो आणि वकील लढवतो. कंपाउंडर जखमेला ‘ड्रेस’ करतो. असे शब्द मी अकरा वर्षे जमवले. नियम एकच: कोशातून घ्यायचे नाही. अर्थ माणसाच्या कामात दिसला पाहिजे, आणि ज्याने दाखवला त्याचे नाव समासात आले पाहिजे. स्टेशनवरचे पॉइंटमन मोहनसिंग यांनी मला ब्रेकचा शू आणि बॉयलरचे जॅकेट दाखवले. त्यांचे नाव नऊ ठिकाणी आहे. हेम, टक, प्लीट, गॅदर हे शिवणीचे शब्द मला चित्रात दाखवता येईनात, म्हणून शकुबाईने कापडाचे तुकडे तसे शिवून पानांवर टाचले. ही वही व्यंकटरावाला द्यावी. त्याचे पत्र आले आहे: ‘काका, चिंध्या काढून टाकल्या की छापता येईल.’

इथवर लिहून दोन्ही साक्षीदारांना, म्हणजे सोनाजी आणि मोहनसिंग यांना, रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले.

“मास्तर, बाही आखूड न्हाई,” सोनाजी म्हणाला. “तुमचा हात लांब हाय.”

तेवढ्यात शकुबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“दादा, चिंध्या कोणत्या?”

“अगं, व्यंकटने आपलं लिहिलंय...”

“समासात सोनाजीचं नाव हाय, मोहनसिंगभाऊचं हाय. माझं काहून न्हाई?”

मी वही उघडली. चौदा कापडी पाने, आणि चौदाही समास कोरे. घरच्या माणसाचे नाव काय घालायचे, असे मला वाटले असावे. असावे कसले, वाटलेच होते. बाहेरच्यांशी काटेकोर राहिलो आणि नियम मोडला तो घरात.

“बरं, वही तुझ्या नावे लिहितो,” मी म्हणालो.

“तुमी गेल्यावर? तवर काय करू? गल्लीतल्या तीन पोरी चार महिन्यांपासून दुपारी याच पानांवर शिकून राहिल्या. पोरी म्हणून त्यायला कोणी शाळेत धाडत न्हाई. बोटानं चुण्या चाचपल्या की गॅदर म्हणजे गोळा होणं, मग कापड असो का माणसं, हे त्यायला सांगावं लागत न्हाई. व्यंकटनं टाके उसवले तर शिकायच्या कशावर? द्यायची तर आत्ता द्या.”

चार महिने! मी दुपारी शाळेत असतो. मला काही पत्ताच नव्हता.

“सिग्नल पडला मास्तर,” मोहनसिंग म्हणाले. “गाडी सोडा.”

वही तिच्या हातात दिली. लगेच पुठ्ठ्याला पीठ लागले आणि मला रागावता आले नाही, कारण पुठ्ठा आता तिचा होता. चौदा समासांत तिचे नाव घालायला दौत ओढली, तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या. माझं मी घालीन.” तिला लिहिता येते हेही मला आजच कळले.

कलम ४ रद्द. जी वस्तू माझी नाही ती मला कुणाला देता येत नाही. व्यंकटरावाला छापायची असेल तर त्याने आत्याची परवानगी मागावी. ती काय म्हणेल याचा मला अंदाज आहे.

बाकीची कलमे कायम. खाडाखोड माझ्याच हातची असून साक्षीदारांसमक्ष केली आहे.

सही: तातेराव किशनराव सावळे

साक्षीदार: सोनाजी शिंपी (सही मोडीत, कलम ३ मान्य नाही, पण कोट मान्य आहे, असे म्हणतो)

साक्षीदार: मोहनसिंग राठोड, पॉइंटमन

मुक्काम हिंगोली, तारीख वर लिहिली तीच.

उद्याचे काम: ओसरीवरची माझी खुर्ची आत नेणे. ओसरीवर वर्ग बसणार आहे.