एकोणऐंशी सालच्या मोटरसायकलची विल्हेवाट

मी, लुईस पास्कल रुमाव, वय एकोणसाठ, निवृत्त मराठी शिक्षक, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातली गाठ आता काढण्यासारखी राहिलेली नाही. डोके शाबूत आहे; तसा दाखला डॉ. वसुंधरा चौधरी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणावा इतके माझ्याकडे काही नाही.

१. राहते घर, मागची केळीची वाडी, विहिरीतला माझा हिस्सा आणि बँकेतली ठेव पत्नी पॉलिन हिला मिळावी. आम्हाला मूलबाळ नाही. वाडीचे काय करायचे ते तिने ठरवावे. बिल्डर आला तर त्याला ओट्यावर बसवावे, आत घेऊ नये.

२. पुस्तके निर्मळ गावच्या वाचनालयाला द्यावीत. त्यांनी नको म्हटले तर आग्रह करू नये.

३. चुलत भाऊ ऑगस्टीन याला मी क्षमेखेरीज काही देत नाही. गावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ओहोटीला, आमच्या किनाऱ्यावर मोटरसायकलींची शर्यत लागते. रुमाल टाकून ती सुरू करण्याचे काम ऑगस्टीनचे. शहाण्णव साली मी गिअर टाकण्याआधीच त्याने रुमाल टाकला. तो नाही म्हणतो. क्षमा केली आहे. पण रुमाल आधीच पडला होता.

४. आता मोटरसायकल. टू-स्ट्रोक, मॉडेल १९७९, मी नवी घेतलेली. काही वर्षे शर्यतीत तिच्यापुढे कोणी जात नसे. मग नव्या गाड्या आल्या.

मी आणि धाकटा भाऊ बर्नार्ड, आम्ही तिला रिकाम्या गोठ्यात खोलली. सायलेन्सरची जाळी काढली. आवाज वाढला, वेग तेवढाच राहिला. पॉलिन म्हणाली, "गाव उठवायला चर्चची घंटा आहे ना? मग ही कशाला?" इंजिनाचे हेड घासून घेतले. सिलिंडरची भोके, म्हणजे पोर्ट, कानशीने मोठी केली. निर्मळच्या रस्त्यावर ती नव्या गाड्यांच्या बरोबरीने धावू लागली.

डांबरावर जमवलेली गाडी आम्ही शर्यतीला वाळूवर नेली. ओली वाळू चाकाला धरून ठेवते. ॲक्सिलरेटर सगळा वेळ पूर्ण पिळावा लागतो आणि इंजिन तापते. अर्ध्या वाटेत पिस्टन सिलिंडरमध्ये आवळला, मागचे चाक थांबले. भरती लागली होती. दोघांनी गाडी ढकलत वर आणली.

"दादा," बर्नार्ड म्हणाला, "आवाज पुढं गेला, तू मागंच हाय."

आम्ही खूप हसलो.

पुढच्या वर्षी पेट्रोल जास्त जावे म्हणून कार्बोरेटरमध्ये मोठा जेट घातला, ऑइल वाढवले. गाडी शेवटपर्यंत पोचू लागली, सगळ्यांच्या नंतर. नव्या गाड्या दरवर्षी नव्या येतात. माझी दरवर्षी एका वर्षाने जुनी होते. हे कानशीने बदलत नाही. मी तरी कानस चालवत राहिलो.

दोन हजार साली बर्नार्डने फोर-स्ट्रोक घेतली. सणाला तो माझ्या शेजारीच उभा राहिला आणि जिंकला. जेवताना मी विचारले, "मधे वेग कमी केलास ना?"

"नाय दादा. फक्त वळून बघितलं."

"का?"

"तू दिसतो का ते."

त्यानंतर तो गोठ्यात आला नाही. भांडण झालेले नाही. भांडण असते तर मिटवता आले असते.

५. ती मोटरसायकल, सुटे पिस्टन आणि हत्यारे मी बर्नार्डला देतो. त्याने तिला जिंकवावे अशी अपेक्षा नाही. ती जिंकणार नाही. अधूनमधून सुरू करावी, ओहोटीला वाळूवर नेऊन आणावी, इतकेच. एवढ्यासाठी मला दुसरा माणूस नाही. त्याला नको असेल तर ती भंगारात द्यावी. आणखी कोणाला विचारत फिरू नये.

६. वकील सांगतात, आम्हा ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. दुसरा ऑगस्टीन, क्षमा ही मालमत्ता नसल्याने त्याला अडचण नाही.

सह्यांच्या वेळी बर्नार्डही येणार आहे. हा कागद मी आधी त्याला वाचायला देईन. गाडी नको असेल तर त्याने तसे तोंडाने सांगू नये. ऑगस्टीनच्या जागी स्वतः सही करावी. मी काही विचारणार नाही.

ठिकाण: भुईगाव
दिनांक: ९ ऑक्टोबर २००४

(सही) लुईस पास्कल रुमाव

वरील सही आमच्या देखत झाली. आम्हीही त्यांच्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार:

१. (सही) डॉ. वसुंधरा चौधरी

२. (सही) बर्नार्ड पास्कल रुमाव, मृत्युपत्र करणाऱ्यांचा धाकटा भाऊ